खांदा जाईल एवढी वाट

माणूस किती रुंद असतो, हे कोंडाजीला साठी उलटल्यावर टेप लावून सांगण्यात आलं, तेही भर सभेत. सोसायटीच्या हॉलमध्ये, गणपतीत जिथे मखर असतं त्या जागी, सल्लागार कंपनीची मनाली नावाची मुलगी पत्र्याची टेप घेऊन उभी होती. "कुणीतरी एक जण पुढे या. काका, तुम्हीच या. नैसर्गिक उभे राहा," ती म्हणाली. नैसर्गिक उभं राहा म्हटल्यावर माणूस जसा उभा राहतो तसा, म्हणजे आधार कार्डाच्या फोटोतल्यासारखा, कोंडाजी उभा राहिला. टेपचं गार पातं पाठीमागून एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत फिरलं. "हा झाला एक माणूस," मनालीने फळ्यावर आडवी रेघ ओढली. "याला हलायला दोन्हीकडे थोडी जागा द्यायची. सायकलवाल्याला जरा जास्त, कारण तो डुलतो. आता दोघं गप्पा मारत चालले आणि मागून सायकल आली, तर वाट किती रुंद हवी? तुम्हीच सांगा, कारण वाट तुमची आहे." लोक हसले, कुणी आकडे ओरडले. कोंडाजी जागेवर येऊन बसला, तरी पात्याचा गारवा उजव्या खांद्यावर तसाच राहिला. डाव्यावर नव्हता. त्याने खांदा जरा वर-खाली केला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "फ्रोझन शोल्डर का?" तो हो म्हणाला. असल्या सभेत आजाराचं नाव इंग्रजीत मिळालं की पुढचे प्रश्न टळतात, एवढं तो या लोकांत राहून शिकला होता.

वाट म्हणजे कॅनॉलची. एके काळी गंगापूर धरणाचं पाणी या कॅनॉलला खळखळत यायचं आणि दोन्ही अंगांच्या मळ्यांत झेंडू, शेवंती, बिजली पिकायची. आता पाणी येत नव्हतं, मळेही नव्हते. कोरड्या पात्रात बांधकामाचा राडारोडा, देव्हाऱ्यातून काढलेल्या तसबिरी आणि डास. त्याच्या काठाच्या कच्च्या वाटेवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी एक सामायिक मार्ग करायचं ठरलं होतं, आणि तेही लोकांना विचारून. लोकांना विचारायचं म्हटल्यावर लोक आले. ज्यांना गुडघे दुखतात म्हणून चालायला सांगितलंय ते, ज्यांचे गुडघे अजून दुखत नाहीत आणि ज्यांना ते सगळ्यांना दाखवायचेत ते, शिवाय चहा-बिस्किटं असल्याचं ज्यांना कळलं होतं ते. गावातलं कुणी नव्हतं. गावाला निरोप गेला नव्हता असं नाही. देवळाच्या भिंतीवर कागद डकवलेला होता, आणि गावात कागद डकवणं म्हणजे कळवणं नव्हे हे मनालीला माहीत असायचं कारण नव्हतं. कोंडाजीला होतं. पण गाव म्हणून कोण आलंय असं कुणी विचारलं, तर सगळ्यांनी त्याच्याकडेच बघितलं असतं. तो गावचाच. हे तिन्ही टॉवर त्याच्या झेंडूच्या मळ्यात उभे होते, आणि मळ्याच्या बदल्यात मिळालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो राहत होता. सोसायटी त्याला केडी काका म्हणे. नव्या वस्तीला असा एक जुना माणूस लागतोच. टँकरवाला, वायरमन, नगरसेवकाचा भाऊ यांच्याशी बोलायला. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात तसा तो बांधलेला होता. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

गारवा उजव्याच खांद्यावर का, हे त्याला चहाच्या वेळी कळलं. बापाला त्याने उजवा खांदा दिला होता. गावातलं कुणी गेलं की शेजारच्या मळ्यातला गेणू अंगणात उभा राहून खांद्यांची उंची जुळवायचा. तू इकडं, तू तिकडं, तू बुटका, मागं हो. बैलजोडी जुळवावी तसा. कोंडाजी आणि गेणू एका उंचीचे, म्हणून पुढची जोडी कायम त्यांचीच. त्या दोघांत एरवी फार बोलणं नसायचं. बांधावरून एकदा भांडणही झालेलं. पण तिरडी उचलली की एकाच पावलाने चालायचे. कॅनॉलच्या काठाने वाट जायची, डावीकडे पाणी, उजवीकडे फुलं, आणि मध्ये विसाव्याचा दगड. तिथे तिरडी टेकवायची. पुढचे मागे, मागचे पुढे व्हायचं, आणि मग तोंड गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, बाजूला करून पुन्हा उचलायचं. बापाला टेकवलं तेव्हा कोंडाजीने खांदा चोळला होता आणि गेणू हळूच म्हणाला होता, "म्हातारा हलका हाय रे. आजारानं सगळं खाल्लंय. माझ्या बापाच्या टायमाला मला दोन दिवस मान वळवता येत नव्हती." एवढंच सांत्वन. त्या क्षणी ते पुरलं होतं.

त्या दगडापर्यंत, आई म्हणायची, मेलेलं माणूस घराकडे बघत असतं. आई, म्हणजे नवसाबाई, नव्वदीच्या पुढची, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली. आपल्या मळ्याच्या वर, हवेत. चार वर्षांपूर्वी एका दुपारी शेंगा सोलता सोलता तिने सांगून टाकलं होतं. "मला गाडीत घालू नको. तुझ्या बापाला नेलं त्या वाटंनं ने, खांद्यावर. इसाव्यावर उतरीव, फिरीव, मग काय करायचं ते कर." तो म्हणाला होता, "आई, काय बोलतेस हे जेवायच्या टायमाला." ती म्हणाली, "जेवायच्या टायमालाच सांगते, तवाच तू घरी असतो." मग शेजारच्या रंगूबाईची गोष्ट. रंगूबाईला तिच्या मुलांनी वैकुंठरथातून नेलं. स्ट्रेचर आत सरकवलं, दार लावलं, सिग्नलला थांबत थांबत गेले. कुणी टेकवलं नाही, कुणी फिरवलं नाही. "रंगू अजून गेलेली नाय," नवसाबाई शांतपणे म्हणाली. "संध्याकाळी लिफ्टपाशी हुभी असती. कोणता नंबर दाबावा ते तिला कळत नाय." कोंडाजीची सून शुभांगी तेव्हापासून संध्याकाळी लिफ्टने एकटी जात नसे, जिन्याने चढायची आणि पायांना व्यायाम होतो म्हणायची. कोंडाजी हसण्यावारी न्यायचा. पण आईने दर दोन-चार महिन्यांनी तेच विचारलं की तो तेच उत्तर द्यायचा. नेईन. खांद्यावर नेईन. आधीची दोन मुलं गेली म्हणून हा जगावा यासाठी तिने याचं नाव कोंडा ठेवलं, म्हणजे मृत्यूला वाटावं, भुसा आहे, काय न्यायचा. तिने आयुष्यात त्याच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. ती देता येईल अशीच होती, आणि तिला खर्चही नव्हता.

चहानंतर मनाली पुन्हा उभी राहिली. "आता दुसरा प्रश्न. ही वाट आज कोण कोण वापरतं? मी चार सकाळी येऊन बघितलंय, पण मला सगळं दिसलं असेल असं नाही. गुरं जातात? पालखी जाते? काका, तुम्ही गावातले, तुम्हाला माहीत असणार." तिचा आवाज खरा होता. ज्याला विचारतो त्याचं उत्तर खरंच हवं असावं असा आवाज कोंडाजीने या हॉलमध्ये फार वेळा ऐकला नव्हता. तो तोंड उघडणार तेवढ्यात जीवन सर उठले. जीवन सर म्हणजे निवृत्त अधिकारी, आठवड्यातून तीनदा सायकलवर ओझरपर्यंत जाऊन येणारे आणि राहिलेले चार दिवस त्याबद्दल बोलणारे. "एक विषय आहे, जरा नाजूक," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात सकाळी सात वाजता समोरून प्रेतयात्रा आली. माझा नातू, रुद्र, सोबत होता. सायकल शिकतोय. त्याने विचारलं, आजोबा, त्या माणसाला का बांधलंय? मी काय सांगू? शिवाय लाह्या, गुलाल, सगळं टायरला. कुणाच्या भावना दुखवायच्या नाहीत. प्रत्येकाला जायचंच आहे." कुणीतरी हसलं. "पण आता सोय आहे, गाडी येते. वॉकिंग ट्रॅकवर हे बसत नाही. केडी काका, तुम्हीच सांगा."

सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. कोंडाजीच्या डोक्यात दोन पारडी वर-खाली झाली. हो म्हणावं, तर उद्या गेणू पारावर सगळ्यांदेखत कपडे उतरवणार. नाही म्हणावं, तर केडी काकांचा त्याच मिनिटाला कोंडाजी होणार, मळेकरी, तिकडचा. इतकी वर्षं इस्त्रीचा शर्ट घालून जे मिळवलं ते एका वाक्यात जाणार. आई त्याला आठवली का? आठवली. पण तिसऱ्या पारड्यात नाही. ती कुठेतरी तागडीच्या दांडीवर बसली होती, शेंगा सोलत. त्याला वाटलं, तिचं काय, तिच्या वेळी बघू. ज्याची ओळख आहे त्याला अडत नाही. आणि मग त्याला ती युक्ती सुचली, इतकी सहज की तो स्वतःवरच खूश झाला. "बंदी-बिंदी लिहू नका," तो म्हणाला. "बंदी लिहिली की गाव अंगावर येईल. दोन्ही तोंडांना खांब टाका. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून. सायकल जाईल, चाकाची खुर्ची जाईल, एवढीच जागा दोन खांबांत ठेवा. बाकीचं आपोआप थांबतंय." आधी हशा, मग टाळ्या. जीवन सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, नेमकी उजव्या खांद्यावर. मनाली हसली नाही. "बाकीचं म्हणजे काय, काका?" तिने विचारलं. "मोटारसायकली," तो म्हणाला. "अजून कुणी वापरतं का ही वाट?" "नाही," तो म्हणाला. "अजून कुणी नाही." तिने लिहून घेतलं. मग कॅनॉलकाठचे फोटो दाखवता दाखवता एका काळ्या सपाट दगडावर थांबली. "हा छान आहे. हा काढायचा नाही म्हणते मी. कसला आहे?" कोंडाजीने चष्मा पुसला. "बसायचा," तो म्हणाला.

काम सुरू झालं तेव्हा तो रोज संध्याकाळी जाऊन उभा राहू लागला. पात्रात भराव पडला, त्यावर लाल-करडे ठोकळे बसले, झाडांना आळी झाली. एरवी महिनोन्‌महिने न होणारं काम पटापट होत होतं आणि त्याला वाटत होतं, प्रत्येक ठोकळ्याला घाई झालीय. ज्या दिवशी खांबांचे खड्डे खणले, त्या दिवशी त्याने मुकादमाला बाजूला घेतलं. "यातला एखादा काढता-घालता येईल असा ठेवा की. कुलपाचा. किल्ली सोसायटीत राहील." मुकादम नामपूरकडचा, तंबाखू मळत अहिराणीत म्हणाला, "डिझाइनमा नही शे काका. सूचनांची मुदत संपनी." कोंडाजी म्हणाला, "ही सूचना माझीच होती." मुकादमाने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी डॉक्टर पेशंटकडे टाकतो, स्वतःच दुखणं आणलंस आणि आता गोळी मागतोस. त्याने मनालीला फोन लावायचं ठरवलं. नंबर होता. पण फोनवर काय सांगणार, की अजून कोणी वापरतं, की त्या दिवशी मी विसरलो? ती विचारेल, कोण? त्या 'कोण'पाशी आला की तो फोन परत खिशात ठेवायचा. तो उद्यावर ढकलत राहिला, आणि उद्याच्या उद्या सिमेंट वाळलं.

उद्‌घाटनानंतर थोड्याच दिवसांनी गावातला तुकारामआबा गेला. अंगणात गेणूने सवयीने जोड्या लावल्या. तू इकडं, तू तिकडं. कोंडाजी, तू आपला माझ्या बरोबरीनं. तिरडी निघाली आणि कॅनॉलच्या तोंडाशी थांबली. मध्ये एक माणूस जाईल एवढी जागा, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला नवी जाळी. पुढच्या जोडीतला एक आत जाऊ शकत होता, दुसरा खांबावर आदळत होता. गेणूने मागे-पुढे करून बघितलं. तिरडी हातांवर घेऊन खांबांच्या वरून काढता येईल का तेही बघितलं. एक कोपरा कलला, वरचा हार सरकून खाली पडला, आणि आबाचा मुलगा म्हणाला, "राहू दे गेणूतात्या. त्याला पडू नको देऊ." मग रस्त्यावर खांदे दुखेपर्यंत थांबून गाडी मागवली. गाडी येईपर्यंत आबाला टेकवायलाही धड जागा नव्हती. शेवटी भेळवाल्याच्या बाकावर टेकवलं. गेणू खांबावर हात आपटत म्हणाला, "कोणाच्या डोक्यातनं निघालं रे हे? तुमच्या कॉलनीतलाच असंल. नाव सांग, त्याच्या दारात नेऊन ठिवतो एकदा." कोंडाजी म्हणाला, "ती कन्सल्टंट पोरगी होती. पुण्याची." मनाली नाशकातलीच होती, इंदिरानगरची. "पुण्याचीच असणार," गेणू म्हणाला. गाडीत बसताना कोंडाजीला जाणवलं की उजव्या खांद्याचा गारवा गेला आहे. तिथे आता काहीच लागत नव्हतं. हात लावला तरी दुसऱ्याच्या खांद्याला हात लावल्यासारखं.

ही गोष्ट आईपर्यंत कशी पोचली कोण जाणे. गॅलरीतून तिला फक्त वाटेवरचे दिवे दिसायचे. रात्री जेवताना तिने विचारलं, "तुकारामला खांद्यावर का नाय नेला?" कोंडाजी म्हणाला, "वाटेचं काम चालू आहे." "काम तर झालं म्हनं. फुगं लावले व्हते." तो जेवत राहिला. सकाळी ती लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन दाराशी उभी होती. "चल. वाट दाखीव मला." शुभांगी म्हणाली, "आजी, चाकाची खुर्ची घेऊ या सोसायटीची." नवसाबाई म्हणाली, "टोपलं डोक्यावर घेऊन गंगेपतुर जायची मी, फुलं इकायला. बसून जायची नाय ती वाट."

खांबांपाशी ती थांबली. कोंडाजीने तिचा दंड धरला होता, तो सोडावा लागला. दोघं एकदम जात नव्हते. तो आधी आत गेला आणि मागे वळून हात पुढे केला. तिने दोन्ही तळहात दोन खांबांवर ठेवले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि तशीच उभी राहिली. हात फार ताणावेही लागले नाहीत. मग ती आत आली. सकाळची गर्दी होती, कानात बोळे घालून चालणारे, सायकलची घंटी वाजवणारे, कुत्र्यामागे ओढले जाणारे. वाट चांगली झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. बाजूला कुणीतरी हौसेने झेंडू लावला होता, शोभेचा, बुटका, तोडायला मनाई असलेला. नवसाबाईने एका फुलाला बोट लावून बघितलं आणि बोट हुंगलं. "वास नाय," ती म्हणाली. तेवढ्यात मागून जीवन सर आले, एक पाय टेकवून थांबले, शिरस्त्राण काढून वाकून नमस्कार केला. चांगला माणूस, म्हाताऱ्यांशी कायम अदबीने वागणारा. "वा, आजी आज फिरायला. तुम्हाला माहितीये का, हे खांब कुणाची आयडिया? तुमच्या मुलाची. भर सभेत टाळ्या पडल्या. एक मोटारसायकल आत येत नाही बघा, काही म्हणजे काही येत नाही." आणि घंटी वाजवत गेले. कोंडाजी त्यांच्या पाठीकडे बघत राहिला, बराच वेळ, अगदी ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत. कारण तिकडे बघणं संपलं की इकडे बघावं लागणार होतं. आई चालायला लागली होती.

दगड जागेवर होता. मनालीने शब्द पाळला होता. भोवती फरशी घातली होती आणि एक छोटी पाटी लावली होती, 'विश्रांतीसाठी'. एक मुलगी त्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधत होती. नवसाबाईला बघून बाजूला झाली, "बसा ना आजी." नवसाबाई बसली. ज्या दिशेने आली होती त्या दिशेला तोंड करून. पाय जमिनीला लागत नव्हते. "घर दिसतं का रे इथनं?" तिने विचारलं. "दिसतं. तो तिसरा मजला. शुभांगीने कपडे वाळत घातलेत बघ." तिने डोळ्यांवर हाताचा आडोसा केला आणि बघत राहिली. काय बघत होती कोण जाणे. तिला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. टॉवरच्या जागी मळा बघत असेल, किंवा मळ्याच्या आधीचं काही. कोंडाजीने बोलायला तोंड उघडलं. सांगायचं होतं की त्या दिवशी मी, की मला वाटलं की तुझ्या वेळी. वाक्यं खांबांतून एकेक करून येत होती आणि एकही नीट येत नव्हतं. "आई," तो म्हणाला, "मी अर्ज देतो. एक खांब काढायला लावतो." तिने ऐकलं की नाही कळलं नाही. तिने दोन्ही हात दगडावर टेकले, एक पाय उचलून पलीकडे घेतला, थोडं थांबली, दम घेतला, मग दुसरा. बैलगाडीत बसताना बाया वळायच्या तशी ती जागच्या जागी वळली. पाठ घराकडे झाली, तोंड गंगेकडे. तो मदतीला पुढे झाला, पण तिने हात धरला नाही. पदर सारखा केला.

"झालं," ती म्हणाली. "फिरले मी. आता तुला मोकळीक. गाडीनं ने, टेम्पोनं ने."

"आई, काहीतरीच काय. चल घरी."

"चल की."

ती उठली. परत येताना तिने एकदाही मान वर केली नाही. टॉवर समोर होते, दिसू नयेत म्हणून ती ठोकळ्यांकडे बघत चालली, पाहुण्याच्या घरातून निघावं तशी. कोंडाजी तिच्या अर्धं पाऊल मागे होता, आणि त्याला कळत होतं की आता ती घरात येईल, जेवेल, गॅलरीत बसेल, कदाचित आणखी पाच वर्षं, आणि या घराकडे बघणार नाही. खांब आले. मागून सायकलींची रांग आली होती. कुणी घंटी वाजवली, कुणी म्हणालं, "काका, जरा साइड." तो आधी खांबांतून पलीकडे गेला. पुढे रस्त्यावर उतरायला छोटा उतार होता, निसरडा. तो वळला आणि आईला आधार म्हणून उजवा खांदा वाकवून तिच्यासमोर उभा राहिला, गेणूने जोडी लावावी तसा, अगदी तिच्या उंचीला.

नवसाबाईने हात खांबावर ठेवला आणि उतरली.